थाम म्हणजे काय

'थांब' हा शब्द आमच्या मुरुडकडे पुस्तकातच सापडतो. तोंडात येतं ते 'थाम'. आई शेळीला थाम म्हणायची. एसटी सुटायला लागली की मागून धावणारा थाम थाम ओरडतो. भांडण सोडवायला गेलेला माणूस दोघांच्या मध्ये हात पसरून तेच म्हणतो. कोळीवाड्यात थाम, आमच्या मोहल्ल्यातही थाम. आमची बाकी बोली निराळी, सण निराळे, पण या शब्दावरून आमच्यात कधी दुमत झालं नाही. त्यामुळे तो कधी माझ्या मुळावर येईल असं मला वाटायचं काही कारण नव्हतं.

मी केबल ओढणारा माणूस. 'म्हणजे वायरमन' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. वायरमन घरात शिरतो, बटणं बसवतो, चहा पिऊन जातो. आमची केबल मनगटाएवढी जाड. आत तांबं, त्यावर पोलादी तारांचं चिलखत, त्यावर काळं कातडं. कारखान्यात ती भिंतीतून जात नाही. डोक्यावरून लोखंडी पन्हळीसारखा एक रस्ता जातो, त्याला ट्रे म्हणतात, आणि त्या ट्रेमध्ये केबल अंथरायची असते. अंथरताना ती कुठे ओरबाडली गेली किंवा नको तितकी वाकली, तर त्या दिवशी काहीच होत नाही. सगळे टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. मग आमच्या किनाऱ्याची खारी हवा त्या ओरखड्यातून आत शिरते आणि कधीतरी, काम करणारे सगळे दुसरीकडे गेल्यावर, त्या जागेतून धूर निघतो. म्हणून ट्रेच्या कापलेल्या कडा कानशीने घासायच्या, वळणावर रोलर बसवायचे, केबलला घाई करायची नाही. एवढं करणारा माणूस चांगला ओढणारा. मी चांगला होतो. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

हे काम मी आखातात शिकलो. तिथल्या टोळीत बिहारी होते, नेपाळी होते, हैदराबादचे होते, आणि फोरमन पेशावरकडचा एक म्हातारा पठाण होता. बोलणं सगळं हिंदीत. आणि त्या हिंदीत थाम म्हणजे धर. नुसतं धर नाही, जीव गेला तरी सोडू नको असं धर. केबल उभी वर चढवताना तिचं सगळं वजन खाली यायला बघतं. वरचा माणूस पकड बदलायला हात काढतो तेव्हा खालच्याने थामायचं. नाही थामलं तर ती सुटते आणि तिच्याखाली जो उभा असेल त्याचं काय होईल ते सांगायला नको.

मी नवा असताना पठाण वरून ओरडला, 'थाम!' मी थामलो. म्हणजे आमच्या घरच्यासारखा थामलो, हात सोडून सरळ उभा राहिलो. केबल सरसर घसरली. खालचा नेपाळी बाजूला उडी मारून वाचला. पठाण खाली उतरला, हातातला पाना उलटा धरला आणि माझ्या हेल्मेटवर असा हाणला की दिवसभर कान वाजत राहिला.  दुसऱ्या दिवशी त्याने मलाच पुन्हा त्या जागी उभं केलं, दिवसभर थाम म्हणत राहिला आणि मी चुकलो की पाना. संध्याकाळपर्यंत डोक्याला काही कळो न कळो, हाताला कळलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं तो शब्द ऐकला की हात आधी आवळायचा आणि मला नंतर समजायचं.

आईच्या शेवटच्या आजारपणात कायमचा परत आलो. अलिबाग तालुक्यात एका कारखान्याची वाढ चालू होती, तिथे एका कंत्राटदाराकडे लागलो. कारखान्याचं नाव सांगत नाही. त्याचा यात काही दोष नव्हता.

टोळीचा मुकादम मांडव्याकडचा कोळी. वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, आधी स्वतःची होडी होती, म्हणून सगळे त्याला तांडेल म्हणायचे. होडी विकून तो इकडे आला. जाळं ओढणारी माणसं केबल ओढायला चांगली, हे त्याचं म्हणणं, आणि ते खरं होतं. त्याची टोळी एका दमात, एका लयीत ओढायची. फक्त एक गोष्ट मला खुपायची. ते केबलला जाळ्यासारखं वागवायचे. अडकली की हिसका. मी लगेच बोलायचो. तिकडे असं करत नाहीत, तिकडे हिसका मारला तर हाकलून देतात, तिकडे कडेला रबर लावल्याशिवाय केबलच्या ड्रमला हात लावत नाहीत. 'तिकडे' हा शब्द मी दिवसातून किती वेळा काढायचो ते मला नंतर कळलं, कारण टोळीने माझं नावच 'तिकडे' ठेवलं होतं.

तांडेल हसून घालवायचा. "भाई, तू तिकडंच ऱ्हायला पायजे व्हतास," म्हणायचा, "हिकडं तुजी कदर न्हाय." मला ते कौतुक वाटायचं.

रोज सकाळी कामाआधी सेफ्टीवाला साहेब सगळ्यांना गोल उभं करून बोलायचा. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, पण कामात पक्का. चालत्या केबलला हात लावायचा नाही. ट्रेवर उभं राहायचं नाही, परांचीवर उभं राहायचं. कमरेचा पट्टा अडकवल्याशिवाय वर चढायचं नाही. आणि हुकूम एकानेच द्यायचा, तोही ठरलेल्या शब्दातच. त्या दिवशी विंचने ओढायची होती, म्हणजे ओढणारं यंत्र इमारतीच्या पलीकडे आणि आम्ही अलीकडे, कुणाला कुणी दिसत नाही. साहेबाने दोन शब्द ठरवले. चालू करायला 'ओढा', बंद करायला 'स्टॉप'. शाळेतल्या पोरांसारखे आम्ही ते मोठ्याने म्हणून दाखवले. तांडेलनेही म्हटले. विंचवाला तांडेलच्याच गावचा, त्यानेही म्हटले.

माझी जागा वळणावर होती. पंपघराच्या वर ट्रे काटकोनात वळतो, तिथे परांचीवर पट्टा अडकवून मी उभा. खाली तांडेल, हातात वॉकीटॉकी. केबल येत होती, रोलरवरून वळत होती, सगळं नीट चाललं होतं. मग कोपऱ्यातल्या एका रोलरचा पकडीचा बोल्ट ढिला झाला. रोलर कलला, केबल त्यातून वर चढली आणि ट्रेच्या कडेवर घासायला लागली. कड मी घासलेली होती, पण किती घासली तरी ते लोखंडच.

तांडेलने खालून पाहिलं. स्टॉप त्याला आठवला नाही. घाबरलेल्या माणसाला ठरवलेला शब्द आठवत नाही, पाळण्यात ऐकलेला आठवतो. वॉकीटॉकीत आणि आमच्याकडे बघून तो एकदमच ओरडला, "थाम!"

विंचवाल्याने ऐकलं. तो गावचा, त्याला बरोबर कळलं. त्याने बटण दाबलं. आणि मी केबल धरली. दोन्ही हातांनी, पठाणाने शिकवली तशी, कड आणि रोलर यांच्या मधोमध.

विंच बटण दाबल्या क्षणी थांबत नाही. केबल एक हात पुढे सरकली. तो हात माझा होता.

दुखलं नाही आधी. हातमोजा चामड्याचा होता, तो केबल आणि रोलरच्या मध्ये अडकला. मी हात ओढला तेव्हा हात बाहेर आला आणि हातमोजा तिथेच राहिला. रिकामा राहिला नाही. टोळीतला एकजण खाली बसून ओकला. तांडेल पट्टा न अडकवता वर चढला, स्वतःच्या डोक्याचा फडका सोडून त्याने माझा पंजा बांधला, आणि बांधता बांधता पहिलं वाक्य बोलला ते हे, "अरं मी थाम बोललू ना. थाम बोललू."

अलिबागच्या डॉक्टरांनी उजव्या हाताची दोन बोटं काढली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. उरलेल्या दोन बोटांत पूर्वीचा जोर नाही. टोळी भेटायला आली, केळी घेऊन. एकजण म्हणाला, "चुना लावायचं बोट गेलं, आता आपला 'तिकडे' कुणाला चुना लावणार न्हाय." सगळे हसले. मीही हसलो. खाटेवर पडलेल्या माणसाला हसण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही.

चौकशी झाली ती साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात. सेफ्टीवाला साहेब, कंत्राटदाराचा इंजिनिअर, तांडेल आणि मी. काय पणाला लागलंय ते आत शिरताना मला ठाऊक होतं. हुकूम चुकीचा दिला गेला असं ठरलं तर मला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळणार होतं आणि तांडेलची मुकादमी जाणार होती. मी आपल्या मनाने चालत्या केबलला हात घातला असं ठरलं तर माझा गेटपास बंद, आणि दोन बोटं कमी असलेल्या केबलवाल्याला दुसऱ्या कुठल्या गेटचा पास मिळत नाही.

आधी तांडेलला विचारलं. त्याने एक शब्द खोटा सांगितला नाही. स्टॉप ठरला होता, मी थाम बोललो, घाईत तोंडातून निघालं.

"थाम म्हणजे काय?" साहेबाने विचारलं. साहेब देशावरचा.

"थांब," तांडेल म्हणाला.

"म्हणजे अर्थ तोच झाला," इंजिनिअर म्हणाला. "विंचवाल्याला कळलं की नाही? कळलं. मग झालं."

मग माझ्याकडे वळले. मी पठाण सांगितला, पाना सांगितला, हिंदीतला थाम सांगितला. साहेब लक्ष देऊन ऐकत होता. मला वाटलं, याला पटतंय.

"तुमचं गाव?" इंजिनिअर म्हणाला.

"मुरुड."

"तुमच्या घरी थाम म्हणजे काय?"

मी टेबलावरचा हात खाली मांडीवर घेतला.

"भाई, काय ते सांग ना," तांडेल म्हणाला. दुष्टपणाने नाही, खरंच आठवण करून दिल्यासारखं म्हणाला.

"थांब," मी म्हटलं.

"शाळा?"

"मराठी."

इंजिनिअर हसला. साहेब हसला नाही, पण त्याने पेन खाली ठेवलं. "बघा," तो सावकाश म्हणाला, "तुम्ही बिहारचे असता तर मी तुमच्यासाठी भांडलो असतो. पण तुमची मातृभाषा आहे ही."

मी अजून काय सांगणार होतो? डोक्याला एक भाषा येते आणि हाताला दुसरी, हे कुणाला पटवायचं कसं? तांडेलच्या तोंडून आईची भाषा निघाली, ते माफ झालं. माझ्या हातून परक्याची भाषा निघाली, तो माझा हलगर्जीपणा ठरला. त्या खोलीत कुणी खोटं बोललं नाही. चौघेही खरं बोललो आणि त्या खऱ्यानेच माझा निकाल लावला. कुणी खोटं बोललं असतं तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या.

पुढच्याच आठवड्यात गेटवर फलक लागला. केबल ओढताना 'थाम' हा शब्द वापरण्यास सक्त मनाई आहे. मी माझं सामान आणायला गेलो तेव्हा तो वाचला. शब्द घातक आहे हे त्यांना पटलं होतं. फक्त माझ्या बाबतीत पटलं नव्हतं.

घरी बायको होती, पण तिनेही मला तारलं नाही. तिने सेवा केली, जेवण भरवलं, जखम धुतली. आणि एकदा घास भरवताना शांतपणे म्हणाली, "खरं सांगा. अल्ला बघतोय. तुमच्या अम्मीनं तुम्हांला पाळण्यात थाम म्हटलेलं. तुम्ही शेखी मिरवायला गेलात ना? तिकडचं दाखवायला?"

मी ताट ढकललं. ती उठली नाही, सांडलेलं भरत राहिली. तिला वाटत होतं तेच टोळीला वाटत होतं, आणि मी इतकी वर्षं ज्या तोऱ्यात बोलत आलो त्यावरून त्यांना दुसरं काही वाटण्याचं कारण नव्हतं. पण म्हणून मी तिला माफ केलं असं नाही. आजही पूर्ण केलेलं नाही.

दोन बोटं गेल्यावर काय काय जातं ते आधी कळत नाही. माशाचे काटे काढता येत नाहीत. दावतीत ताटावर बसलं की बोंबील माझ्या हातात कुस्करतो आणि शेजारचा माणूस बघत नसल्याचं दाखवून बघतो. नमाजाआधी वजू करताना बोटांच्या फटींतून पाणी फिरवायचं असतं, मी अजूनही नसलेल्या फटीतून बोट फिरवतो. आणि लोक हात मिळवत नाहीत. दुरून सलाम करतात, दंडाला हात लावतात, खांद्यावर थोपटतात. तो पंजा कुणाला हातात घ्यायचा नसतो. मी पुढे केला तर त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर अशी चिकटून बसते की खाली येतच नाही.

बरेच महिने गेले. अलिबागच्या एसटी स्टँडवर मी मुरुडच्या गाडीत चढत होतो. डावा हात पिशवीत गुंतलेला, उजवा दाराच्या दांडीवर. पाय पायरीवर ठेवला आणि ड्रायव्हरने गिअर टाकला. मागून कुणीतरी ओरडलं, "थाम, थाम!"

माझा हात दांडीवर आवळला. उरलेली बोटं, अंगठा, दोन्ही थोटकं, सगळी. नखं पांढरी पडली. कंडक्टर आतून म्हणाला, पुढं व्हा. मागून माणसं रेटत होती. मला हात सोडवता येईना. मी स्वतःच्या हाताकडे बघत उभा होतो, आणि माझ्या मागे, अगदी जवळ, धापा टाकत तांडेल उभा होता. ओरडणारा तोच. तोही त्या हाताकडेच बघत होता.

आम्ही शेजारी बसलो. दुसरी जागा नव्हती. चौल गेलं. रेवदंड्याचा पूल आला. मी पुढच्या सीटची दांडी धरली होती. तो खिडकीबाहेर बघत, अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला, "थाम."

हात आवळला.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा आवळला. तो तपासून बघत होता, मासा ताजा आहे का बघायला कल्ला उचलावा तसा. मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं आणि त्याच वेळी रडावंसंही वाटलं, कारण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ते पाहिलं होतं.

"खरं बोलत व्हतास तू," तो म्हणाला.

मी वाट बघत राहिलो. आता हा म्हणेल, चल, साहेबाला दाखवू. आता म्हणेल, मी सांगतो तुझ्या बाजूनं.

"भाई," तो म्हणाला, "ह्ये कुनाला दावू नको. माजी मुकादमी गेली तर ह्या वयात मी परत होडीवर चढायचा न्हाय."

त्याचा आवाज खरोखरच काकुळतीचा होता. त्याला माझी कीव येत होती हेही दिसत होतं. कीव येऊनही त्याने तेच मागितलं. काशीदला तो उतरला, उतरताना माझ्या दंडाला हात लावून गेला.

मी कुणाला दाखवलं नाही. त्याच्यावर उपकार म्हणून नाही. साहेब बदलून गेला होता, इंजिनिअरने ऐकलं नसतं, आणि बायकोसमोर बसून, म्हण थाम, बघ हात, असं करून दाखवण्याइतका मी खाली उतरलो नव्हतो. तिला आपण होऊन पटायला हवं होतं.

पण तांडेल मला भेटतो. काशीदला त्याची सासुरवाडी आहे आणि दर शुक्रवारी तो मुरुडच्या मासळी बाजारात येतो. मी मुद्दाम जातो. लोकांच्या घोळक्यात, त्याच्या जातवाल्यांसमोर, मी उजवा हात पुढे करतो. बाकीचे नजर वर चिकटवतात. त्याला तसं करता येत नाही.

मोठ्या माणसाला 'थामा' म्हणायला हवं. मी 'थाम' म्हणतो. आजूबाजूच्यांना वाटतं, मी त्याला बोलण्यासाठी थांबवतोय. त्याला मात्र आता तिकडचा अर्थ कळतो. तो माझा पंजा हातात घेतो, थोटकांसकट, आणि मी सोड म्हणेपर्यंत सोडत नाही.